किल्ली

चिन टेकड्यांमधलं आमचं चर्च जळालं
त्याला आता दोन पावसाळे झाले.
पु ह्रांग क्यो मात्र
किल्ली अजून गळ्यात घालतात.
शनिवारी संध्याकाळी तिला तेल लावतात,
भाजीला नसतं तेव्हासुद्धा
दोन थेंब बाटलीत राखलेले.

मी हसले होते एकदा.
म्हटलं, दार कुठंय?

काल रात्री पुन्हा ती घरघर आली आभाळात.
आम्ही चरात, एकमेकांच्या गुडघ्यांवर.
कुणी स्तोत्र म्हणेना;
पाळकसुद्धा नुसतेच ओठ हलवत होते.
मला प्रार्थनेतलं एवढंच आठवलं, "हे आमच्या",
आणि तिथंच अडकले:
आमच्यात तोही येतो का,
जो वर घिरट्या घालतोय?

तेवढ्यात पु ह्रांग क्योंनी अंधारातच
सुई पारच्या मुठीत किल्ली कोंबली.
"नीट धर गं. उद्या रविवार आहे.
हरवलीस तर सगळी मंडळी बाहेर राहील."
सहा वर्षांची पोर ती,
रडायचं विसरून
पहारा देत बसली.

सकाळी राख उकरून
त्यांनी कुलूप काढलं, आगीत वाकडं झालेलं.
किल्ली आत गेली.
फिरली नाही.

"गंज," ते म्हणाले,
आणि बाटली उपडी धरून
वाट बघत राहिले
दुसऱ्या थेंबाची.

आम्ही मागे उभे होतो, टोप्या काढून,
दार उघडायच्या आधी
थांबतात तसे.