स्पीक अप

"स्पीक अप," साहेब म्हणाले, फाईलमधून मान न काढता,
आणि ते दोन शब्द नेहमीसारखे माझ्याकडे आले.
केप्याच्या कोर्टात मी अठरा वर्षं दुभाषा.
दुसऱ्यांची वाक्यं या खिशातून त्या खिशात.

पिंजऱ्यात द्वारकी वेळीप.
दोन बस बदलून आलेली, पिशवीत रेशनकार्ड,
कुणी मागितलं नव्हतं तरी.
प्रश्न एवढाच, की ट्रक कोण चालवत होता.
ती उत्तर देत होती,
वासराच्या कानात सांगावं तसं.

"मातशें व्हडल्यान उलय," मी म्हणालो.

शिरोड्याच्या शाळेत खांडेपारकर मास्तर शिकवायचे,
अप म्हणजे वर.
गेट अप, स्टँड अप, सगळा वर्ग बाकांवरून वर.
मी विचारलं, मास्तर, मग शट अपमध्ये काय वर जातं?
छडी, ते म्हणाले.
आणि गेलीही.

तेच अप. तोंड उघडायला तेच, मिटायलाही तेच.
हसायला नको, आपल्याकडेही
बोलणं कुठे एकटं बाहेर पडतं?
वडील भलतंच बोलून बसायचे.
बहीण लग्नाच्या आदल्या रात्री एकदाच बोलून गेली,
आईनं ऐकलं, कधी बोलून दाखवलं नाही.

माझ्या जुन्या डिक्शनरीत स्पीक अपचा आणखी एक अर्थ आहे,
खाली, बारीक टायपात:
ज्याचं कुणी ऐकत नाही त्याच्यासाठी बोलणे.
साहेबांना वरचा हवा होता.
द्वारकी खालचा करत होती, वरच्यावाचून.
आरोपी लादरू, ड्रायव्हर,
तिचा ना नात्यातला ना गोत्यातला,
भिंतीला टेकून स्वतःच्या चपलांकडे बघत.

"लाउडर," साहेब.
ती वळली, त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे.
"हांव सकाळसावन इतलेंच उलयतां.
तो पंखो व्हड उलयता."

याचं इंग्रजी करायचं होतं.
'साक्षीदार म्हणते की', इथून सुरुवात करायची सवय,
जीभ तिथपर्यंत गेलीही.
"सर, पंखा बंद करूया,"
मी म्हणालो.
मीच.
कपाट बोललं तर बघावं
तसं शिपाई बोनिफासनं माझ्याकडे बघितलं,
मग साहेबांकडे. साहेबांनी हात हलवला.

खट्.
पाती आणखी थोडी फिरली, उगाच.
बाहेर पोदेराचा भोंगा.
आणि त्या उकाड्यात तिचा आवाज, होता तेवढाच:
लादरू बाजूच्या सीटवर होता. पाव खात होता.
चाकावर मालकाचा धाकटा.

तिची साक्ष रेकॉर्डवर आहे, माझ्या इंग्रजीत, ठीकठाक.
पंख्याचं कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी पंखा सुरू.
जमिनीचा दावा, साक्षीला एक म्हातारा,
आवाज गळ्याच्या खालीच कुठेतरी.
"स्पीक अप," साहेब म्हणाले.
मी आधी स्विचकडे बघितलं.