सदतीस अंश

बाहेर त्रेचाळीस.
केगावच्या प्रयोगशाळेत सगळ्यांत गार
पेशींचं कपाट: सदतीस.
लाईट गेली की आमची काळजी उलटी,
पेशी तापतील याची.

भुईआवळी अंबुबाईंनी आणली,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यामागून.
"कावीळ उतरते," म्हणाल्या, "पुढचं तुझं तू बघ."

वाळवली, कुटली, अर्क काढला.
चोवीस तास थांबले. मग डोळा लावला.

हिरवं म्हणजे जिवंत.
नारिंगी म्हणजे सुटायला लागलेलं:
कडा आक्रसतात, बुडबुडे येतात,
आत केंद्रकाचे तुकडे,
जसा मागावर एकच धागा तुटतो
आणि नाना खटका ओढेपर्यंत
दोन बोटं चादर वाया गेलेली असते.

मोजते. दोनशेपैकी एकशे बारा.
आनंद व्हायला हवा. झालाही.

पण या पेशी एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या.
माझ्या जन्माआधीच गेला तो,
कुठल्या देशात, मॅडमनी सांगितलं होतं, विसरले.
यकृत त्याचं वाढतंय अजून
बाटल्या-बाटल्यांतून, सोलापुरातसुद्धा.

शेजारच्या खळग्यात अर्क नाही, नुसतं द्रावण.
तिथे सगळं हिरवंगार.
तिथेच जरा जास्त वेळ रेंगाळते.
मग दिवा बंद करते,
उजेडानं रंग उडतो म्हणून.