मामंजींचे डोळे

मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला
आणि येळ्ळूरच्या मैदानाला मला जावं लागलं.
ह्यांची फौंड्रीत सेकंड शिफ्ट.
एवढ्या गड्यांत एकटी मी,
पदर आणि शेंगांची पुडी सांभाळत.

"काय करूलाय गे तो?"
"वाकलाय."
"वाकलाय म्हणजे?
पट काढलाय का घिस्सा मारूलाय? नीट सांग."

मला कुठलं ठाऊक!
माहेरी, नंदगडला, भांडणं नकोत म्हणून
कॅरमसुद्धा माळ्यावर टाकलेला.
माईकवरचा माणूस अर्धं कन्नड, अर्धं मराठी.
दोन्ही कळायचं, कुस्ती नाही.

मग भाकरी थापता थापता विचारायला लागले,
ढाकेला हात कुठं, पाय कुठं?
ते उशीला धरून आपटून दाखवायचे.
दोन उश्या फाटल्या.

औंदा ऑपरेशन झालं.
कडोलीला निघताना काळा चष्मा पुसत म्हणाले,
"आता दिसतंय सगळं. तू नाही आलीस तरी चालतंय."

गेले.
शेवटच्या जोडीत आमचा पोरगा खाली,
आणि मी कधी उभी राहिले कळलंच नाही,
"एकचाक येतंय! पाय मोकळा कर रे जोतिबा!"

हलगी, शिट्ट्या, उडालेले फेटे.
मामंजी चष्मा कपाळावर सारून
माझ्याकडंच बघत बसलेले.
"कोण पडलं गे?"