बारी

नऊ वर्षं अहिराणी कळफलकाची प्रत्येक आवृत्ती
मीच सोडली, साक्रीतून,
रात्री लाइट राहिली तर.
किल्ली माझ्याकडे, परवलीचा शब्द डोक्यात,
आणि डोकं, मार्चमध्ये, मुतखड्यासकट
धुळ्याच्या दवाखान्यात.

चाळीस दिवस काहीच सुटलं नाही.
सुरतेहून दगा चौधरी रोज विचारायचा,
नव्या फोनवर अक्षरं का फुटतात?

झुलालबुवा बघायला आले. फडावरचे जुने पाटकरी,
पांझरेचं पाणी वाटण्यात जन्म गेला.
सगळं ऐकून घेतलं, सलाइनकडे बघत म्हणाले,
"पाट एकाच गडीले माहीत शे,
तं तो पाट नही भो,
त्यानी खाज शे."

घरी आल्यावर लिहायला बसलो.
आधी काय तपासायचं, आकडा कुठे बदलायचा,
कोणती चाचणी उगाच बोंब मारते.
सतरा पानं.
तिसऱ्यावरच कळलं, दोन गोष्टी
मी का करतो ते मलाही माहीत नाही.
त्या काढून टाकल्या.

किल्ल्या आता तीन.
एक तळोद्याला, रितेश वळवीकडे.
एक यावलला, तहमिना तडवीकडे.
पहिली बारी तिची.

बदलांच्या यादीत तिनं 'दुरुस्ती'चा पहिला उकार दीर्घ काढला.
माझी बोटं शिवशिवली.
त्यांना कळण्याच्या भाकरीत गुंतवलं.
बारा वाजून दहा मिनिटांनी तिचा निरोप : सोडू?
ठेच्याचा हात धुऊन येईपर्यंत
सोडलीही होती.

सकाळी दगाची तक्रार,
उकार अजून खाली सरकतो म्हणे.
या वेळी तिच्या नावावर.
मी वाचली,
आणि कूस बदलली.