कच्ची वही

उत्तम शुक्रवार. बाराला सुरू झालेली उपासना
तिसऱ्या उद्गारापाशी पोचली आहे.
कूलरमधलं पाणी संपलंय, तो नुसताच घरघरतो.
बाहेर सदरचं डांबर चपलांना धरून ठेवतंय.
मी मागून दुसऱ्या बाकावर,
शमुवेल रणपिसे, निवृत्त लेखनिक,
यरुशलेमेचं दुपारचं ऊन
नागपुरावरून ताडून बघतोय.

प्रभू, तुझ्याविषयी बोलायचं
तर मला आधी शांतवनविषयी बोलावं लागतं.
माफ कर. तुझ्याकडे यायला
मला दुसरी वाट ठाऊक नाही.

शांतवन तिवडे. चर्चचा शिपाई.
घंटा ओढायचा, बाक पुसायचा,
प्रभुभोजनाचे चिमुकले पेले
लेकराला न्हाऊ घालावं तसे धुवायचा.
मी खजिनदार. अक्षर मोत्यासारखं.
पक्की वही माझी. कच्चीही माझीच,
ती कुणी बघत नसे.

हंगामाच्या सणाचे चार हजार सातशे
कामठी रोडच्या पत्त्यांवर
मी तीन रात्रींत हरलो.
चौथ्या रात्री रिकाम्या पेटीशी बसलो होतो,
दिवा न लावता. तो कुलूप घालायला आला.
"काहून रडून राहिला बे?"
सांगितलं. सगळं.
त्यानं टोपी काढली. पुन्हा घातली.
एवढंच.

रविवारी पंचांसमोर तो उभा राहिला.
"किल्ली माह्यापाशी होती.
आता मले काही इचारू नका."
एक शब्द खोटा नव्हता.
बाकीचं मंडळीनं स्वतःच जोडून घेतलं,
आणि तो गप्प राहिला
कातरणाऱ्यापुढं मेंढरू राहतं तसा.

मी तिथंच होतो, प्रभू.
इतिवृत्त लिहीत होतो.
मोत्यासारख्या अक्षरात.

चर्चमागची खोली गेली त्याची.
मार्थाबाईंच्या पाटल्या इतवारीत गेल्या,
पैसे पेटीत आले,
आणि शांतवन कॉटन मार्केटात
हमाली करू लागला, संत्र्यांच्या पेट्यांची.
वर्षभरानं मी गाठलं त्याला.
"तुझे पांग कसे फेडू, सांग."
फोडीतली बी थुंकत तो म्हणाला,
"माहे कायले फेडतं?
मी त फक्त गिरवलं बे.
अक्षर दुसऱ्याचं हाय."

खरं सांगतो, मला राग आला.
फेडता येतं ते कर्ज बरं,
माणूस ताठ मानेनं झोपतो.
पण हे? याला व्याज नाही,
मुदत नाही, तगादा नाही,
दार ठोठावायला कुणी येत नाही.
कितीतरी वर्षं मी तुझ्याशी
एवढ्याचसाठी बोललो नाही.

शेवटी त्याच्या कबरीशी तोंड उघडलं.
मंडळीसमोर, भर मातीत.
पाळक थबकले. कुणीतरी खोकलं.
मार्थाबाईंच्या हातात काचेच्या दोन बांगड्या;
त्यांनी खाली वाकून एक ढेकूळ उचललं,
माझ्या तळहातावर ठेवलं.
"आमाले माईत होतं. टाका आता."

तेव्हा कळलं रे.
मी तोंड उघडण्याच्या आधीच
माझी कच्ची वही वाचली गेली होती,
आणि तरीही कुणीतरी
मोबदला मोजून मला सोडवून नेलं होतं.
एकदा इतवारीतून.
आणि त्याच्या फार आधी,
शहराबाहेरच्या एका टेकडीवरून,
पाटल्या नव्हत्या तुझ्याकडे,
तर हात दिलेस.

आता पेले मी धुतो.
बोटं जाड झालीत, एखादा निसटतो.
घंटेचा दोर मात्र अजून
शांतवनसारखा जमत नाही,
पहिला ठोका कच्चाच पडतो.

तीन वाजले. आज घंटा वाजायची नाही.
लोक डोक्यावर पदर, दुपट्टे घेत बाहेर पडतात,
फाटकापाशी कुणी माठातलं पाणी देतंय.
मी बाकावरच आहे.
आभार हा शब्द आयुष्यभर
किती पावत्यांवर लिहिला, प्रभू,
किती सुबक.
आज बोटानं, बाकाच्या धुळीत,
पहिल्यांदा गिरवतोय.