रंग सुटतो

राजमा काल रात्रीच वेगळ्या पातेल्यात भिजवला.
त्याचा रंग सुटतो, पाण्याला लागतो, शेजाऱ्यालाही,
हे मला कुणी शिकवायला नको.
तुर्भ्याच्या रंगाच्या कंपनीत एकतीस वर्षं
रंग सुटू नये याचाच पगार घेतला,
आणि तो माझ्याच नखांतून सुटत नसे.
दिवाळीला चकली उचलली की तिच्यावर
अंगठ्याचा निळा ठसा.

चवळी एका वाडग्यात,
पावटे दुसऱ्या, काळा घेवडा तिसऱ्या.
एवढी भांडी कशाला काढली म्हणून ओरडायला
द्वारका घरात नाही.
ती वाशीला, मोतीबिंदूच्या वॉर्डात,
एका डोळ्यावर पट्टी.
आज अकरा वाजता काढणार आहेत.

आमची वाटणी कधीचीच ठरलेली.
कंपनीनं माझं नाक घेतलं,
एकदम नाही, हप्त्याहप्त्यानं,
पगारातून पतपेढीचं कर्ज कापावं तसं.
तेव्हापासून दूध लागलं, गॅस चालू राहिला,
माळ्यावर उंदीर मेला,
हे तिनं हुंगायचं आणि मी धावायचं.
आणि तिला धूसर दिसायला लागल्यापासून
ब्लाऊजच्या धाग्याचं रीळ मी जुळवायचं.
"मोरपंखी का हिरवा?"
"मोरपंखी. शेडचा नंबर सांगू?"
"नंबर नको सांगूस."

तळवलीला शेत होतं तेव्हा
भात निघालं की त्याच ओलीवर वाल टाकायचो.
आता तिथे कंटेनर उभे असतात.
त्याचं मी रडगाणं गात नाही,
मार्केटातला पावटाही गोड निघतो कधी कधी.

कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. राजम्याला सहा,
चवळीला दोन, पावट्याला दोन
आणि एक अर्धवट, जी धरावी की सोडावी कळेना.
तोवर गाजर चिरलं, पिवळी ढोबळी मिरची,
कांद्याची पात,
जांभळा कोबी अगदी बारीक, दोऱ्यासारखा.
गल्लीतल्या झाडाचं ईडलिंबू किसणीवर घासलं.
साल पिवळी भुकटी होऊन परातीत पडली
आणि वास सुटला असणार.
खिडकीतलं मांजर शिंकून उठून गेलं,
त्यावरून म्हणतो.

मग रस पिळला,
आणि जांभळा कोबी बघता बघता
गुलाबी झाला, कडेकडेनं आत.
आंबट पडलं की शेड फिरते, माहीत होतं,
तरी सवयीनं घड्याळाकडे बघितलं,
वेळ लिहायला खिशात पेन शोधलं.
खिशात पेन नाही. खिसाच नाही, बनियन होतं.

संत्र्याच्या फोडी बिया काढून घातल्या.
वरून फोडणी, जिरं आणि हिंग.
हिंग अंदाजानं,
माझ्या लेखी ती नुसती मळकट पूड.

बारा वाजून गेल्यावर रिक्षा थांबली.
प्रणालीनं हाताला धरून आणलं तिला,
काळा चष्मा, कपाळावर चिकटपट्टीचा वळ.
उंबऱ्यातच म्हणाली,
"ईडलिंबू कोनी तोरला?"

परात पुढे केली. चष्मा काढ म्हटलं.
"डॉक्टर नको बोलला," म्हणाली, आणि काढला.
बघत राहिली.
परातीकडे नाही,
परात धरलेल्या माझ्या बोटांकडे.
"नखा कवा उजलली?"
मी काही बोललो नाही.
"मना वाटला निलीच हान अजून."

रिटायर होऊन सहा वर्षं झाली, द्वारका.
वाढली तशी कापत गेलो.
कापताना तू समोरच बसलेली असायचीस,
तांदूळ निवडत.

मग तिनं परातीत बघितलं.
गुलाबी कोबीचा एक दोरा उचलला,
उजेडात धरला.
"बीट."
"कोबी."
"खोटा."
प्रणाली हसली. मी शपथ घेतली.
तिनं डोळे मिटून आधी हुंगलं, मग खाल्लं,
बराच वेळ चावत राहिली.
"हिंग जास्त झाला," म्हणाली,
"नि पावटा कचाच ऱ्हायला."
आणि परात स्वतःकडे ओढली.