बारा पेट्या

रादोव्लीत्साच्या शाळेत, सहावीला,
मी एक गणित घातलं:
मधपाळाकडे साठ पेट्या.
हिवाळ्यात त्यांतला पाचवा हिस्सा मेला.
उरलेल्या प्रत्येकीतून चौदा किलो मध.
तर एकूण किती?

लुडविकनं दोन ओळींत संपवलं
आणि घंटा होईपर्यंत
खोडरबराचा भुगा रांगेत लावत बसला.

येरित्सा ‘मेला’पाशी थांबली.
बारा पेट्या, तिनं लिहिलं. बरोबर.
पेटीला दहा हजार माश्या धरल्या, तर एक लाख वीस हजार.
तेही बरोबर, फक्त कुणी विचारलं नव्हतं.
मग समासात, बारीक अक्षरात:
सगळ्या एका रात्रीत गेल्या, की एकेक करत?
शेवटची कुणाला ऊब देत होती?
पुढचे नऊ प्रश्न कोरे.

मी एक दिला.
आमच्याकडे पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे नापास.
लाल शाईतला एक फार सरळ दिसतो.

मानसतज्ज्ञ ब्रेदाबाईंनी तक्ता पुढे सरकवला.
विचारशक्ती: दोघंही शंभरांत नव्याण्णवांच्या पुढे.
भावनेच्या चौकटीत जागा पुरली नाही,
येरित्साचा ठिपका कागदाच्या कडेला गेला होता.
दोन्हींतून बाण निघालेले, ‘शालेय कामगिरी’कडे.
‘हा पोचतो का?’ मी दुसऱ्यावर बोट ठेवलं.
‘कधी पोचवतो, कधी वाटेतच बसवून ठेवतो.
आणि लुडविकचा ठिपकाही बघा जरा.
चार मिळाला त्या दिवशी तो
टांगलेल्या कोटांमागे दोन तास उभा होता.’

मला माहीत नव्हतं.
त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, शांत मुलगा.
हुशार मूल पाण्यासारखं, आपली वाट काढतंच,
हे वीस वर्षं पालकसभेत सांगत आलो होतो मी.

रविवारी चढ चढून मधपाळ आन्झेकडे गेलो.
त्याच्या पेट्यांच्या रंगीत फळ्यांवर
अस्वल आणि ससे शिकाऱ्याची तिरडी नेत होते.
‘गोळा करून बसतात,’ तो म्हणाला,
‘आतल्या बाहेर येतात, बाहेरच्या आत जातात.
गोळा फार लहान झाला, की संपलं.’

सोमवारी ते येरित्साला सांगितलं, तसंच्या तसं.
ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली,
‘सहाशे बहात्तर.
पण सर, त्यांच्या हिवाळ्यासाठी काही ठेवायला हवा ना?’

किती ठेवायचा,
ते मी गणितात दिलंच नव्हतं.